चिंगमवाल्या बाई

नाव विचारण्याआधी बाई समोरच्या कामगाराच्या खिशातला चिंगम मागायच्या. हुंगायच्या, बर्फाच्या डब्यात टाकायच्या, मग म्हणायच्या, "हं, आता नाव सांगा."

पांडेसऱ्याजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या होत्या. मूळच्या आमच्याच धुळ्याकडच्या. तंबाखू सोडवणारा चिंगम कंपनीने आमच्या गोडादरा वस्तीतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामगारांना चाचणीसाठी वाटला होता. तलफ भागावी एवढंच निकोटीन त्यात मोजून घातलेलं. माझा थोरला भाऊ दगडू त्या चाचणीत होता. त्याच्या गालात पांढरा चट्टा होता. तंबाखू सुटली तरच धडगत, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

भावाने पुन्हा तंबाखू धरली. एकट्याने नाही, बहुतेकांनी. कंपनीचे साहेब म्हणाले, या लोकांना सोडायचीच नसते. मी चिंगमच भेसळीचा म्हणून पत्रक छापायला निघालो. बाई म्हणाल्या, "आधी कापा, मग शिव्या द्या."

चिंगम पात्याला चिकटतो. म्हणून बाई तो दगडासारखा गोठवून त्याचे पातळ काप काढायच्या. मग अवरक्त किरणांचं यंत्र त्या कापाचा एकेक ठिपका वाचायचं आणि पडद्यावर हळूहळू नकाशा उमटायचा : औषध लाल, रबर निळा. कंपनीतल्या तुकड्यात लाल ठिपके सगळीकडे सारखे. भावाच्या तुकड्यात कडा निळ्याशार, आतही जेमतेम लाल.

बाई थेट आमच्या खोलीवर आल्या. "दगडूभाऊ, चिंगम ठेवता कुठं?"

भावाने खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली. "लूम चालू असताना कागद कोण सोलत बसंल, बाई? सकाळीच सोलून भरतो. हात तर डबीकडंच जातो ना!"

सगळ्यांनी तेच केलं होतं. डबीतली तंबाखू फेकली, पण तळाला चुना तसाच. त्या चुन्याने आणि लूमच्या उकाड्याने औषध उडून गेलं होतं. माझं पत्रक खोटं ठरलं, साहेबांचं म्हणणंही.

बाईंनी नकाशे साहेबांपुढे ठेवले; पुन्हा चिंगम द्या, या वेळी वापर समजावून द्या, म्हणाल्या. साहेब हसून गुजरातीत म्हणाले, "बेन, फोटा तो बौ सरस छे." फोटो फार छान, एवढंच. आणि अहवालात लिहिलं : कामगारांमध्ये इच्छाशक्तीचा अभाव. चाचणी बंद. बाईंना गोळ्यांच्या विभागात ढकललं. हे शहर कामगाराच्या हाताचं कापड नेसतं, पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

चट्ट्याची गाठ झाली. जबडा काढायच्या आदल्या दिवशी बाई दवाखान्यात आल्या. नोकरी सोडून त्या गावी निघाल्या होत्या. भावाचं तोंड धड उघडत नव्हतं. तरी त्याने आमच्या गावबोलीत विचारलं, "बाई, मनी इच्छा व्हती ना?"

"व्हती, भाऊ. इच्छा नसती तर महिनाभर नुसता रबर कुणी चघळला असता?"

भावाने मान हलवली. तो प्रश्न हेच त्याचं शेवटचं बोलणं. जबडा काढल्यावर त्याला बोलता आलं नाही.