होडीतली उशी

गल्लीत त्यांना सगळे स्प्रिंगकाका म्हणत. धंदा सोफे, खुर्च्या आणि गाद्या दुरुस्त करण्याचा, आणि स्वभावही त्याच मालाचा. कुणी जरा टेकलं की हे उसळलेच. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, आत काहीतरी स्वस्तातलं भरा," तर काका म्हणत, "मग पाहुणेही स्वस्तातले बोलवा." पण हात असा, की त्यांनी भरलेल्या खुर्चीत बसलेला माणूस उठता उठत नसे. गल्लीतल्या बायकांची त्यांच्याबद्दल तेवढी एकच तक्रार होती.

तर या काकांच्या घरात त्या आठवड्यात जोरदार वाजलं होतं, आणि खिडक्या उघड्या असल्यामुळे भांडण सगळ्या गल्लीच्या मालकीचं झालं होतं. रविवारी नातीचा बाप्तिस्मा होता. मुलीची इच्छा अशी, की बाळाला आजोबांनी हातात घ्यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, माझा येशूवर विश्वास आहे. छापील कार्डावर दोन-चार ओळी. वाचायच्या आणि मोकळं व्हायचं.

"येईन," काका म्हणाले. "बाळही धरीन. पण ते वाचणार नाही."

"का? तोंडात खिळे धरलेत?" काकूंनी विचारलं.

"कापूस नसलेली गादी कापसाची म्हणून मी आजवर विकली नाही. आता नातीलाच विकू?"

काकूंनी पातेलं आपटलं. हे कुठून आलं ते त्यांना ठाऊक होतं. काकांचा थोरला भाऊ, दुकानातला जोडीदार, आजारी पडला तेव्हा काका रोज हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून प्रार्थना करत. भावाच्या डोक्याखालची उशीसुद्धा त्यांनी स्वतः भरून नेली होती. भाऊ गेला. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "मी एवढ्या हाका मारत होतो, तेव्हा तो येशू झोपला होता का?" चर्चला जायचे ते काकूंच्या धाकाने. शेवटच्या बाकावर बसायचे आणि प्रवचन चालू असताना अंगठ्याने बाकाची गादी दाबून बघायचे.

आणि नेमकं शुक्रवारी पाळकसाहेबांनी काम काढलं. चर्चमध्ये वाचनाच्या उतरत्या मेजावर मोठं बायबल ज्या उशीवर ठेवतात, ती उशी मधोमध दबून बसली होती. "इथेच येऊन भरा," पाळक म्हणाले, "आणि उघडलेलं पान तेवढं तसंच ठेवा, रविवारी ते वाचायचं आहे."

दुपारी चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. काकांनी ग्रंथ उचलून पुढच्या बाकावर ठेवला, उशीची शिवण उसवली, कापसाचा ढीग काढला. मग पान विसरायला नको म्हणून चष्मा लावून वाकले, आणि त्यांची नजर एका शब्दावर अडकली. उशी.

गोष्ट लहानपणापासूनची. तळं, होडी, वादळ, येशूने हात उंचावला, वादळ थांबलं. घरातल्या चित्रात तो ताठ उभा, कपड्याला सुरकुती नाही. इथे तर तो होडीच्या मागच्या भागात, उशीवर डोकं टेकून, गाढ झोपलेला.

काकांचं धंदेवाईक डोकं सुरू झालं. उशीत काय असेल? लोकर? गवत? काही असो, लाटा आत येत होत्या म्हणजे भिजून चिप्प झाली असणार. आणि भिजलेल्या उशीवर झोप कुणाला लागते? जो मरणाचा दमलाय त्याला. इतक्या वर्षांत काकांच्या मनात कधी आलं नव्हतं, की येशू दमला असेल.

पुढच्या ओळीला ते मटकन खालीच बसले. होडीतली माणसं त्याला गदागदा हलवून विचारत होती, की आम्ही बुडतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही. हे तर काकांचं वाक्य होतं. जिन्यावरचं. ज्या वाक्यामुळे आपण नास्तिक झालो असं ते समजत होते, ते इथे शास्त्रात छापलेलं होतं, आणि बोलणारे त्याचेच शिष्य, त्याच्याच ताटातले. कुणी ते खोडलं नव्हतं. वाऱ्याने न उठलेला तो या टोमण्याने मात्र उठला. आधी वादळाला गप्प केलं आणि मग त्यांना चार शब्द सुनावले.

भाऊ वाचला नव्हता. ते त्या क्षणीही काकांना विसरता येईना. पण आता वाचणंही सोडवेना. पाळकांच्या पानात दोऱ्याची खूण घालून ते पानं मागे-पुढे उलटत गेले. मित्राच्या कबरीपाशी येशू रडला. ओळख ना पाळख, विहिरीवरच्या बाईकडे पाणी मागितलं. आणि शेवटी वधस्तंभावर त्याने स्वतःच हाक मारली, तू मला का सोडलंस म्हणून, आणि वरून उत्तर आलं नाही. काकांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. जिन्यावर आपण एकटे होतो, ही समजूत त्यांची त्यांनाच हास्यास्पद वाटली.

मग घड्याळाकडे लक्ष गेलं. भराभर कापूस कोंबला, दाभण चालवलं, दोऱ्याच्या खुणेवरून पाळकांचं पान लावलं आणि घराकडे जवळजवळ पळत सुटले. वाटेत इस्त्रीवाल्याला धरलं.

"तुला माहीत होतं? होडीत उशी होती."

"कुणाची हरवलीये?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

घरात शिरताच काकू म्हणाल्या, "अहो, केसांत कापूस, मिश्यांत कापूस. काय कोंबडीशी भांडलात?"

"मी म्हणायचो ना, तो झोपला होता का? झोपलाच होता गं. पण होडीत. आपल्याच होडीत."

काकू हातातलं काम विसरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मिशीतला कापूस काढू लागल्या.

शनिवार चष्मा शोधण्यात गेला. रविवारी चर्चमध्ये पाळक वाचायला उभे राहिले, तर ग्रंथ एका बाजूला कलला. सरळ केला, पुन्हा कलला. उशीत डावीकडे काहीतरी टेंगूळ होतं. पुढच्या बाकावर काकांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. चष्मा कुठे आहे ते त्यांना कळलं.

बाळ हातात आलं, कार्डही आलं. काकांनी कार्ड जवळ धरलं, लांब धरलं. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. सगळं चर्च थांबलं. मुलगी खाली बघू लागली. काकूंनी डोळे मिटले, आता हे कार्ड परत देणार.

"मला हे दिसत नाहीये," काका म्हणाले. "पण मला माहीत आहे. मी येशूवर ओरडलो होतो, तुला काही वाटत नाही का म्हणून. तो माझ्याच होडीत होता. माझा त्याच्यावर विश्वास आहे. या पोरीलाही मी हेच सांगीन, भीती वाटली तर खुशाल ओरड, त्याला उठव."

बाळाने तेवढ्यात गळा काढला. "लगेच ऐकलं बघा," काकू पुटपुटल्या, आणि पदराने डोळे टिपले.

सगळे गेल्यावर काका ग्रंथ उचलून बाकावर बसले. सगळा प्रकार ऐकून पाळक कात्री घेऊन आले. "उसवू का? आधी चष्मा काढू."

"राहू दे तो निवांत," काका म्हणाले आणि काकूंसाठी बाजूला सरकले. "होडी पलीकडे पोचली, तिथे काय झालं ते बघायचंय. तू वाच."