चतुरा आत्याचे जमिनीचे कागद

माझी चतुरा आत्या कुणाच्या बापाला भीत नाही. औशाच्या बाजारात भाजीवाल्याला रडवून येणारी बाई ती. पण परवा तिचा फोन आला, तेव्हा आवाजच ओळखू येईना.

"पोरी, मी मेले बघ. बजरंग ते कागद गफूरभाईकडं घेऊन चाललाय."

बजरंग तिचा मुलगा. विहिरीच्या हिश्शावरून भावकीशी त्याचा खटला चालू आहे. त्यांच्या देवघरात लाल फडक्यात बांधलेलं उर्दू कागदांचं एक गाठोडं असतं. निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद, असं सगळं घर समजतं. आत्याचे यजमान शेषेराव मामा दर दिवाळीला त्याला हळदकुंकू वाहतात. औशाचे गफूरभाई असले जुने कागद वाचून देतात, म्हणून बजरंग त्यांच्याकडे निघालेला. त्याचं काय चुकलं?

चूक आत्याची. ती फोनवर सांगत गेली. लग्नाआधी देवणीला शेजारच्या बेगमबीनं तिला उर्दू अक्षरं शिकवली होती. बोली मराठी, अक्षरं उर्दू, म्हणजे घरच्यांना पत्ता लागायला नको. बेगमबी लग्न होऊन हिमायतनगरला गेली, तरी पत्रं चालूच. तिकडचाच शिवलिंग नावाचा एक मुलगा आधी आत्याला पाहून गेला होता, पण देवक एकच निघालं आणि सोयरीक फिस्कटली. शाळेत उर्दू शिकलेला हा पठ्ठ्याही मग बेगमबीच्या पाकिटातून लिहू लागला. शेवटचं पत्र होतं, 'हळद लागायच्या आत उदगीरच्या स्टँडवर ये.' आत्या गेली नाही. पत्रं मात्र सासरी आणली, आणि सहा महिन्यांत ती मामांच्या हाती लागली. घाबरून ती बोलून गेली, "कणगीमागं सापडले. तुमच्या आज्याचे जमिनीचे कागद असतील, नीट जपा."

"अगं, मग जाळायचे ना!" मी चिडले.

"जाळू कशी? त्यांनी देवाजवळ ठेवले की!"

मी तडक औशाला गेले. गफूरभाईंच्या खोलीत मामा गाठोडं मांडीवर घेऊन बसलेले, शेजारी बजरंग. आत्याही हट्टानं आली होती. तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. ऐंशी पार केलेल्या गफूरभाईंनी गाठ सोडली, चष्मा लावला, पहिला कागद डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, आत्या इथंच कोसळणार.

"शेषेराव," गफूरभाई म्हणाले, "हे तर मी वाचून दिलते की तुमाला. तुमचं लगीन नवं होतं तवा."



"मग जमिनीचं काय हाय त्यात?" बजरंगनं विचारलं.

गफूरभाई मामांकडे बघत राहिले. मामांनी कागद घेतले, शांतपणे गाठ मारली. "काई न्हाई. सकाळपासून सांगून राहिलो, तू ऐकतोस का?"

"मग देवात कशाला ठेवलं इतकी वर्षं?"

"तुझी माय म्हणली, नीट जपा."

परतताना जीपमध्ये मी आत्याच्या कानाशी म्हणाले, "सुटलीस बाई." तिनं माझं मनगट मघापेक्षा घट्ट धरलं.

"साठ वर्षं माझ्या हातचं जेवले, अन् एक शब्द न्हाई," ती म्हणाली. "आता आज यांच्यापुढं ताट कसं ठेवू गं?"