लांब पल्ल्याच्या बंदुकीचा परवाना

तुमच्या बाबाच्या शर्टाच्या खिशात मला एकदा शस्त्र परवान्याचा अर्ज सापडला. धुवायला टाकण्याआधी मी प्रत्येक खिसा तपासत असे. वहीच्या फाडलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'लांब पल्ल्याची बंदूक एक, काडतुसे चाळीस.' खाली तांबड्या शाईत शेरा: 'विचाराधीन. कागदपत्रे अपुरी.' अर्जाचं अक्षर अनोळखी होतं. शेऱ्याचं अक्षर मात्र तुमच्या बाबाचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याहून बदली होऊन आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहायला आलो होतो. माझा हा मुलगा, तुमचा बाबा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. कागद मी गादीखाली ठेवला आणि दोन दिवस तुमच्या बाबावर नजर ठेवली. कोणाचा फोन येतो, सायकल कुठे जाते. शेवटी विचारलंच.

"अगं, तो खेळ आहे आमचा."

"खेळाला परवाना कसला?"

"रविवारी बैस आणि बघ."

मी बसले. जेवणाच्या टेबलाभोवती चौघे. तिघांनी एकेक पात्र घेतलेलं आणि तुमचा बाबा सूत्रधार. पुढे काय घडतं ते तो सांगणार, बाकीचे आपण काय करतो ते सांगणार, आणि जमलं की फसलं हे स्टीलच्या डब्यातली चिठ्ठी काढून ठरणार. सगळं आकाशातल्या ग्रहाग्रहांवर चालायचं. प्रत्येक ग्रहाच्या बंदरावर तपासणी, आणि बंदुकीसारख्या वस्तूला परवाना हवाच. परवाने देणारा अधिकारीही तुमचा बाबाच.

अर्ज लिहिणारा मुलगा माण तालुक्यातला. वडील मुंबईत कामाला, तो इथे वसतिगृहात. रविवारी दुपारी आमच्याकडे यायचा, तेवढंच त्याला सांगलीतलं घर. खेळात तो शिकारी होता. त्या दिवशी बंदरावर त्याची बंदूक दुसऱ्यांदा अडली.

"परवान्याची मुदत संपली आहे," तुमचा बाबा अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाला. "तिसऱ्यांदा सापडलात तर जन्मठेप."

"आरं, मुदत संपायच्या आदीच अर्ज दिलाय की! कवाचा तुज्याच टेबलावर पडलाय."

"विचाराधीन आहे."

"लय भारी हापिसर झालास गड्या."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. जन्मठेप म्हणजे ते पात्र संपलं आणि तो खेळातून बाद. मग रविवारी यायला त्याला कारण उरत नव्हतं, आणि कारणाशिवाय येणाऱ्यांतला तो नव्हता.

खरं सांगते, आधी मला त्याचाच संशय आला. कागद वेळेवर आणत नसेल. म्हणून त्याची फाइल मागितली. सहा अर्ज, प्रत्येकावर तारीख, सगळे मुदतीच्या आतले. माझ्या वर्गातल्या मुलींच्या वह्याही इतक्या नीट नसत.

मग नियमांचं पुस्तक घेतलं. इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स होती ती, तुमच्या बाबानं सगळ्यांसाठी काढून आणलेली. परवान्यांचं प्रकरण सत्तेचाळिसाव्या पानावर सुरू होत होतं आणि पुढचं पान थेट पन्नास. बाकीच्यांच्या प्रती पाहिल्या. तिथेही तेच.

"झेरॉक्सवाल्यानं गाळलं असेल," तुमचा बाबा म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

मूळ पुस्तक वसतिगृहातल्या एका सीनियरचं होतं. मी माणच्या मुलाला ते आणायला सांगितलं. गुरुवारी त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिलं. अठ्ठेचाळिसाव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: मुदतीआधी अर्ज दिला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू राहतो. शेजारी पेन्सिलीनं बरोबरची खूण, शेपटीजवळ एक टिंब. अशी खूण करायची खोड एकाच माणसाला होती, आणि ती मोडायचा प्रयत्न मी तो चौथीत असल्यापासून करत होते.

रविवारपर्यंत मी गप्प राहिले. बंदर आलं. अधिकाऱ्यानं परवाना मागितला. मी पुस्तक उघडून त्या मुलासमोर ठेवलं.

"वाच. मोठ्यानं."

त्यानं अडखळत वाचलं, मग पुन्हा एकदा मनात वाचलं. "म्हंजे काकू, माजा परवाना चालूच व्हता?"

"होता."

तुमचा बाबा माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तो लांबूनच सगळ्यांना टिपायचा. त्याच्या बंदुकीपुढे माझी गोष्टच टिकत नव्हती."

"मला काय सांगतोस? त्याला सांग."

ते तुमच्या बाबाला जमलं नाही. त्या मुलानं फाइल बांधली, "येतो काकू," म्हणाला आणि गेला. पुढचे दोन रविवार टेबल रिकामं राहिलं. तुमच्या बाबानं या काळात वसतिगृहाकडे दोनदा सायकल नेली. तिथे काय बोलणं झालं ते त्यानं मला आजवर सांगितलेलं नाही, म्हणजे तिथंही काही लपवण्यासारखं झालं असावं.

तिसऱ्या रविवारी दार वाजलं.

"काकू, खेळायला आलोय. पन आता हापिसर मी."

टेबलाच्या टोकाची खुर्ची त्यानं घेतली. तुमचा बाबा साधा खेळाडू झाला आणि त्यानं एका सुरीसाठी अर्ज लिहिला. नव्या अधिकाऱ्यानं तो दोन्ही बाजूंनी वाचला, उजेडात धरला, पुन्हा खाली ठेवला.

"उद्या या."

"उद्या सोमवार आहे रे!"

"मग फुडल्या रविवारी या."

तुमचा बाबा पुढल्या रविवारी बरोबर दोन वाजता अर्ज घेऊन रांगेत उभा राहिला. रांगेत तो एकटाच होता.