नानांबरोबर धुळ्याला, गुडघे सांभाळत

जळगावला गाडीतून उतरायला मला इतका वेळ लागला की मागच्या शेठजींना मी आजारी आईला उतरवतो आहे असे वाटले. ते बिचारे मदतीला थांबले. आई कुठेच नव्हती; होते फक्त माझे गुडघे. पुण्याच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. मी काठी विकत घेतली आणि चालणे उद्यावर टाकले. अशा माणसाला वहिनींनी बोलावले होते ते माझ्या चुलतभावाला, नानांना, चालते करण्यासाठी!

नाना एके काळचे जळगावातल्या मेहरूणचे पैलवान. गुडघे धरल्यापासून वर्षभर ओसरी सोडून गेले नव्हते. धुळ्याला त्यांची लेक सोनी बाळंत झाली होती. वहिनी आधीच तिकडे होत्या आणि बारसे तोंडावर आले होते. नाना मात्र हलेनात. नानांच्या सुनेने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचे भरीत वाढले. ते ओरपून मी व्यायामावर व्याख्यान दिले, तेही भिंतीला टेकून. नाना म्हणाले, गाडीचा आख फिरून फिरून झिजतो, तसाच गुडघा. मनातून मला ते पटले.

शेवटी मी एवढेच म्हटले, "सोनी दाराकडे डोळे लावून बसेल."

सकाळी पाहतो तो नाना पागोटे बांधून तयार.

चाळीसगावला गाडी बदलताना आम्ही दोघे आळीपाळीने कण्हलो. पुढे दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी होती. धुळ्याला टांगा केला, तर पांझरा नदीजवळ त्याचे चाक निखळले. दुसरा टांगा दिसेना. मी दगड शोधून बसलो. नानांनी माझ्या काठीसाठी हात पुढे केला आणि ती टेकत ते चालू लागले. थांबत, पुन्हा निघत. मी मागून लंगडत गेलो.

बरेच पुढे गेल्यावर ते म्हणाले, "जळगावात जो भेटस त्यानी मनी कुस्ती पाहेल शे. त्यासनामोरे काठी टेकू? आठे माले कोन वयखस?" (जळगावात भेटेल त्याने माझी कुस्ती पाहिली आहे; त्यांच्यासमोर काठी टेकू? इथे मला कोण ओळखतो?)

गुडघे दुखले, पण झिजून गळून पडले नाहीत. सोनी उंबऱ्यात उभी होती. बाप पायी येताना पाहून ती पुढे झाली. तिने बाळ त्यांच्या हातात दिले आणि पदर डोळ्यांना लावला. बारशानंतरही नाना रोज नदीकाठी फिरून येत. त्यांची खीर निवू नये म्हणून मी घरी थांबून ती संपवत असे.

परत जळगावला उतरलो तेव्हा नानांनी टांगा नाकारला. मी सामानासकट टांग्यात बसलो; सामानाजवळ कोणी तरी हवेच! टांगा त्यांच्या चालीने चालला. बाजारात त्यांचा एक जुना जोडीदार भेटला. त्याने नानांच्या हातातल्या काठीकडे पाहिले, मग टांग्यात बसलेल्या माझ्याकडे.

"पाव्हना बिमार शे का?"

"हां," नाना म्हणाले. "गुडघा दुखस त्याना."

नानांना लोकांची लाज अडवत होती. ती त्यांनी काठी टेकत भर बाजारात सोडली. मला मात्र कधी कोणी अडवलेच नव्हते. मी टांगा थांबवला, हळूच खाली उतरलो आणि नानांचा खांदा धरला.