हिराताईच्या फाइली

हिराताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिचाच कॉम्प्युटर चालू करून बसले होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. पनवेलच्या तहसील कचेरीसमोर आमचा एक छोटा गाळा आहे. अर्ध्यात माझं झेरॉक्स मशीन, अर्ध्यात तिचं टायपिंग. जी आधी येईल तिनं दुसरीचंही मशीन चालू करून ठेवायचं, हा आमचा अठरा वर्षांचा रिवाज. त्या दिवशी पडद्यावर 'अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका' असं आलं होतं आणि आकडा तेवीस टक्क्यांवर अडकून बसला होता. फोनवर तिचा धाकटा भाऊ, जनूदादा. "शैलाताई, आमची बाय गेली हो... चाय पिता पिताच." मी काहीतरी बोलले असेन. मग फोन ठेवला आणि, सांगायला लाज वाटते, लगेच उठून रिक्षा पकडायची सोडून मी ते शंभर टक्के होईपर्यंत तिथंच बसून राहिले. बंद करू नका म्हटलंय ना, मग नाही करायचं. पाऊण तास लागला. शेवटी पडदा निळा झाला, पासवर्ड मागू लागला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की हा पासवर्ड घालणारी आता येणार नाही.

आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. हिराताई करंजाड्याजवळच्या गावची. वडील मिठागरावर कामाला. ही मराठी टाइपरायटिंग शिकली आणि विशीत असतानाच कचेरीबाहेर छत्रीखाली टेबल मांडून बसली. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. आमच्या भागातल्या गावांच्या जमिनी प्रकल्पांना गेल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक घराला एका कागदाची गरज पडू लागली, तो म्हणजे वंशावळ. मूळ पुरुष कोण, त्याला मुलं किती, त्यातलं हयात कोण, मयत कोण, लेकी कुठल्या गावी दिल्या. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या पट्ट्यातल्या कितीतरी घरांच्या वंशावळी हिराताईच्या हातून टाइप झाल्या. त्या काही सरकारी दप्तर नव्हत्या, पण घरात कुणी गेलं की माणसं तिच्याकडेच येत. कागद घरच्या पुरात नाहीतर वाळवीत गेलेला असायचा, आणि हिराताईकडे फाइल असायची. एखादा फक्त भावांचीच नावं सांगू लागला की ही टाइप करायची थांबायची. "आनि लेकी? त्या काय गलबतातून उतरल्या?" मग तो बापडा डोकं खाजवत उरणला दिलेल्या आत्याचं नाव सांगायचा.

टाइपरायटर गेला आणि कॉम्प्युटर आला, तेव्हा ती त्याच्यापुढे हसत हसत बसली होती, कारण मराठी कळफलक तोच होता. त्यानंतर मात्र दर काही वर्षांनी नवी सिस्टिम येत गेली आणि तिचं हसू कमी कमी होत गेलं. रोजच्या सवयीचं बटण डाव्या कोपऱ्यातून मधे जायचं. प्रिंटर कालपर्यंत ओळखीचा होता, तो आज 'सापडत नाही'. दाराशी अशील उभा, वकील घड्याळ बघतायत, आणि मशीन स्वतःच्या मर्जीनं बंद होऊन पुन्हा चालू होतंय. नव्या सुनेनं न विचारता स्वयंपाकघर लावावं आणि सासूनं रोज सकाळी मीठ शोधत फिरावं, तशी तिची गत. मी चिडवायचे, "शीक की आता, जग कुठं चाललंय." ती दोन्ही हात वर धरून दाखवायची. "मला कुटं काय येतं? या बोटांना येतं. आनि बोटांना रोज नवीन शिकवायला मी काय मास्तर हाय?" त्या वेळी मला ते विनोदी वाटायचं. आज माझ्याही फोनमध्ये काहीतरी नवं आलंय आणि साधा अलार्म लावायला मला चार ठिकाणी बोट दाबावं लागतं, तेव्हा त्यातला थकवा कळतो. शिकायचा कंटाळा नव्हता तिला. जे येत होतं तेच पुन्हा पुन्हा शिकायचा कंटाळा होता.

दोन वर्षांपूर्वी जुन्या मशीनवर भागेनासं झालं. अर्ज सगळे ऑनलाइन भरायचे, आणि जुन्या सिस्टिमवर ती पानं उघडतच नव्हती. नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्या फाइली पेनड्राइव्हवरून त्यात घातल्या, तर सगळ्या वंशावळींची नुसती खिचडी! तिचा तो जुना मराठी फॉण्ट नव्या सिस्टिममध्ये चालेना. पोशा गोमा म्हात्रे अशा नावाच्या जागी कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. कुणी म्हणालं, बदलून देणारा प्रोग्राम असतो. तो लावून पाहिला तर अर्धी जोडाक्षरं गायब. शेवटी हिराताईनं दोन्ही मशीनं शेजारी शेजारी मांडली आणि जुन्या पडद्यावर बघून नव्यात एकेक वंशावळ पुन्हा टाइप करायला घेतली. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तीन-चार. एक झाली की नव्यातली खिचडी पुसायची; पेनड्राइव्ह तर अशिलांच्या कामासाठी कधीच रिकामा केला होता. नवं मशीन शहाणपणा करून शब्द सुचवायचं, पोशाचा 'पोशाख' करून ठेवायचं, आणि ही त्याच्याशी भांडत बसायची. पाच महिने लागले. डोळ्यांत थेंब घालून, साखरेच्या गोळ्या खाऊन, पण तिनं ते पुरं केलं.

आणि मग मी माझी अक्कल पाजळली. गाळा आमचा दहा बाय आठचा. त्यात झेरॉक्स, लॅमिनेशन, दोन कॉम्प्युटर, अशिलांची बाकडी. मला साधं वळायलाही जागा नव्हती. काम पुरं झालं त्याच आठवड्यात भंगारवाला दारावरून चालला होता. मी म्हटलं, "देऊन टाक तो जुना." ती म्हणाली, "अगो, ऱ्हाऊ दे दोन महिने. काय खायाला मागतोय?" मी वैतागलेलेच होते. म्हणाले, "किती दिवस मढं सांभाळणार आहेस?" मग वायर काढून तिनंच तो उचलून दारापर्यंत नेला. गाळा मोकळा झाला, मला फार बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी भजी आणली होती.

पुढचं समजायला तिची काम करायची पद्धत सांगायला हवी. कचेरीबाहेरचा कुठलाही टायपिस्ट कोऱ्या पानावर कधी सुरुवात करत नाही. नवा अशील आला की जुन्या कुणाची तरी तशीच फाइल उघडायची, नावं बदलायची, छापायचं आणि बंद करायचं. जुनं मशीन बंद करताना विचारायचं, बदल ठेवायचे का? नाही म्हणायचं, की मूळ फाइल जशीच्या तशी. नवीन अशिलाची प्रत वेगळ्या नावानं ठेवायची असली तर ठेवायची. पंचवीस वर्षं तिचं असं चाललं होतं. नवं मशीन काही विचारतच नव्हतं. तिला वाटलं, बरं झालं, एक कटकट कमी झाली.

भंगारवाला येऊन गेल्याला दोन महिने झाले असतील, रोडपालीहून धर्माकाका पाटील आले. थोरला भाऊ गेला होता, सातबाऱ्यावरून त्याचं नाव कमी करायचं होतं. हिराताईनं त्यांच्या नावाची फाइल उघडली आणि आत भलतंच घर निघालं. उलव्याच्या कुणा कोळ्याचं. "चुकून उघडली असंल," म्हणत तिनं दुसरी उघडली. त्यातही दुसरंच कुणी. तिसरी, चौथी... मी झेरॉक्स थांबवून तिच्या मागे जाऊन उभी राहिले. बाहेर फाइलीचं नाव एक, आत माणसं वेगळीच. नवी सिस्टिम प्रत्येक बदल मुकाट्यानं जपून ठेवत होती. जिच्या जिच्यावर तिनं नवं नाव टाइप केलं होतं, ती ती वंशावळ पुसली गेली होती. "काय झाला गो बाय?" धर्माकाका विचारत होते. हिराताई एवढंच म्हणाली, "काका, तुमची मानसं माज्या हातून पुसली."

दुरुस्तीवाला आला, बराच वेळ खटपट केली, दोन-तीन फाइली परत मिळाल्या. मग त्यानं अगदी सहज विचारलं, "जुना सीपीयू आहे ना?" मी काउंटरवरचे कागद सारखे करत राहिले. मला वाटलं आता ही बोलेल. बोलली असती तर मी रडले असते, भांडले असते, काहीतरी झालं असतं. ती म्हणाली, "नाय. दिला."

तीस-चाळीस घरं गेली होती. पुढच्या सोमवारपासून ती दुपारी दोनला गाळ्यातून निघू लागली. वही, पेन, पाण्याची बाटली. बसनं, रिक्षानं, कधी चालत, एकेका गावात एकेका घरी. कुणाकडे जुनी प्रत डब्यात निघायची, कुणाकडे नाही. मग ओटीवर बसून म्हाताऱ्यांकडून नावं काढायची. भर उन्हाळा, त्यात तिची साखर. मी म्हणायचे, "ज्यांना लागेल ते येतील, तू कशाला मरतेस?" ती म्हणायची, "म्हाताऱ्या चालल्या ना एकेक करून. मग कोन सांगंल?" आठ महिने ती हिंडली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं, त्या हिंडण्याशी संबंध लावू नका. मी लावते. मला तो लावल्याशिवाय राहवत नाही.

या सगळ्या महिन्यांत मी तिची माफी मागितली नाही. रोज ठरवायचे. चहा यायचा, गिऱ्हाईक यायचं, राहून जायचं. शेवटची भेट शनिवारची. नव्या अपडेटनंतर अक्षरं एवढीशी दिसत होती म्हणून ती पडद्याला नाक लावून बसली होती. मी म्हटलं, "हिराताई, तो जुना कॉम्प्युटर..." तिनं मान वर केली नाही. "अगो, आधी ही अक्षरा मोठी कर, मग बोल." मी अक्षरं मोठी करून दिली आणि बोलले नाही.

गेल्या आठवड्यात जनूदादा गाळ्यावर आले. सातबाऱ्यावर भावांबरोबर हिराताईचंही नाव आहे, ते कमी करायला वंशावळ हवी होती. मी त्यांच्या घराची फाइल शोधली. आत शेलघरचं एक कुटुंब होतं. गावागावांच्या करत हिंडली, तिची स्वतःची राहिलीच. दादा नावं सांगत गेले, मी दोन बोटांनी टाइप करत गेले. हिराबाई, असं म्हणून ते थांबले. "फुडं मयत लिवा." आयुष्यात हजारो कागदांवर मी या शब्दाची झेरॉक्स काढली असेल, टाइप पहिल्यांदाच केला. आणि मग मला राहवेना. मी म्हटलं, "दादा, तो जुना कॉम्प्युटर मी द्यायला लावला होता. ती नको म्हणत होती."

दादा गोंधळले. "तुमी? ती तर बोलली, 'मीच भंगारात घातला, माजाच घाईचा सोभाव.' गावागावात हेच सांगत फिरली ती. म्हाताऱ्यांनी किती शिव्या घातल्या तिला! ऐकून घ्यायची, आनि मग नावा विचारायची."

ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि भर दुपारी रडले. दारोदार माझी चूक स्वतःच्या नावावर सांगायची आणि गाळ्यात येऊन मला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही! राग आला तिचा, खरंच आला. निदान एकदा मला बोलायची होतीस गं.

आता तिच्या जागी मी बसते. पासवर्ड बदलून घेतला आहे, फाइल उघडली की आधी तिची प्रत करायची हे शिकले आहे, बाकी रोज काहीतरी हलतंच आणि मी शोधत बसते. कुणी जुनी वंशावळ मागायला आलं आणि ती गेलेल्यांतली निघाली, की मी आधी सांगते, हिराताईनं नाही, मी घालवली. काही जण जाऊ दे म्हणतात. परवा रोडपालीच्या एक काकी मात्र खवळल्या. बाकड्यावरून उठून, बोट नाचवत, चारचौघांत मला ताडताड बोलल्या. मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. ते बोलणं माझ्याच वाट्याचं होतं, इतके दिवस हिराताई ऐकत होती.