रेघेबाहेरचा ठिपका

पार्से गावात मामेभावाच्या बागेत आंब्याच्या मोहरावर गंधकाची भुकटी उडवताहेत, भुरी रोग पडू नये म्हणून. घसा खरवडणारा तो वास त्याच्या घराच्या पडवीपर्यंत आला आणि मी हातातला चहा तसाच ठेवून उठले. या वासापासून मी नेहमी अशीच उठून जाते. आज परत येऊन बसले आहे, सांगूनच टाकते.

गोवा राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. मराठी-कोकणी वादाच्या घोषणा भिंतींवर चुन्याखालून अजून दिसत होत्या. डिचोलीला बारावीत प्रयोगाला माझी जोडीदार होती बेळगावकडची एक मुलगी; वडील गवंडी. कागदावर पेन्सिलीने फुली काढायची, तिच्यावर हायपोच्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या, द्रावणाचा फ्लास्क ठेवून ॲसिड ओतायचं, आणि गंधकाने पाणी गढुळून फुली दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. घड्याळ माझ्या मनगटावर; "गेली" म्हणायचं काम तिचं. चौथ्या खेपेचं द्रावण मधली सुट्टीभर खिडकीत राहिलं होतं, त्याकडे आमचं लक्षही नव्हतं.

आदल्या वर्षीच्या मुलांची तपासलेली जर्नलं तेव्हा घरोघर फिरत. मामेबहिणीच्या जर्नलातली रेघ मी क्रियेच्या वेगाच्या आलेखावर आधीच ओढून ठेवली होती, ठिपके नंतर तिच्यावर बसवले. आमचा चौथा मात्र बराच वर जात होता.

"हो खंय चल्लो गो? ओढ खाली," मी ठिपक्यावर बोट ठेवून हसत म्हटलं.

"बघितलं ते लिव्हायचं की. देवघरातला देव हाय व्हय त्यो, हवा तिथं बसवायला?"

सरांनी आमचे दोन्ही आलेख एकावर एक ठेवून उजेडात धरले. "एक फ्लास्क, आणि आकडे दोन? खोटं कोणी लिहिलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, माझा रेघेवर आहे." उत्तर खरं होतं, म्हणूनच इतकं नीच.

सर तिला म्हणाले, "गवंड्याची पोर ना तू? ओळंबा ठाऊक असेल. सरळ कर."

तिने ठिपका हलवला नाही. जर्नलवर सही झाली नाही, आणि सहीशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नसत. परीक्षेच्या दिवशी माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी पास झाले. पुढे, हसू नका, विज्ञानच शिकवू लागले.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचा फ्लास्क खिडकीत उन्हात राहिला. उन्हाने द्रावण तापलं की क्रिया वेगाने होते, एवढं साधं. तिचा ठिपका रेघ सोडून वर गेला, थेट तिथेच, आणि मला ती खिडकी आठवली.

"टीचर, हो खोडूं?" तिने विचारलं.

"नको." माझा आवाज इतका चढला की तिने खोडरबर खाली ठेवलं. इतकी वर्षं अडलेलं उत्तर भलत्याच मुलीला मिळालं.

जिला द्यायचं होतं तिला मी कधी शोधलं नाही, हेही लिहून ठेवते. बागेतली माणसं मघाशीच जेवायला गेली. वास मात्र अजून पडवीतच आहे, आणि मीही.