पथक आले होते

इतरांची प्रतिज्ञापत्रे लिहिण्यात माझी हयात गेली. अमळनेरच्या कचेरीच्या आवारात मी अर्जनवीस होतो. खरे काय ते सांगण्याची शपथ मी कितीतरी लोकांच्या वतीने कागदावर उतरवली. स्वतःच्या वतीने मात्र एक गोष्ट कधी उतरवली नाही — पत्नीस सांगितली नाही, भावास तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणे जमेल. जमेल ना? पाहू.

मी रागीट मनुष्य आहे, हे प्रथम नोंदवतो. एसटी उशिरा आली की अर्ज, विजेचा खांब वाकला की अर्ज. गावात थट्टा होई — "आबाना अर्ज गया का भाकड म्हैस बी दूध देस." ही थट्टा मला आवडत असे. सर्वांत अधिक अर्ज मी आरोग्य खात्यावर केले. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. हिवताप देशातून हटवण्याचा सरकारचा मोठा कार्यक्रम कागदोपत्री चालूच होता, आणि आमच्या गावात दर पावसाळ्यात लोक गोधड्यांखाली कुडकुडत होते. बोरसे नावाचा आरोग्य सेवक पंधरवड्याने सायकलवर येई, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई, गोळ्या देई. ती काचपट्टी तपासणीला जाई, आणि निकाल येईपर्यंत रोगी एक तर कामाला लागलेला असे, नाही तर — असो. हा विलंब खरा होता. माझा संतापही खरा होता. तो खरा होता म्हणूनच पुढे त्याचा उपयोग करता आला.

पावसाळ्यात फवारणीचे पथक येई. भिंतींवर औषध मारायचे, म्हणजे रक्त पिऊन भिंतीवर टेकलेला डास तेथेच मरतो — एवढे साधे शास्त्र. त्या वर्षी पथक श्रावणात आले. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसायची होती, आणि तो रविवार तोंडावर आला होता. खानदेशात हे घराण्याचे दैवत. भाऊबंद जमतात, रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू घरीच दळले जातात, घर चुन्याने पांढरे केले जाते. पथक दारात आले तेव्हा भिंतींचा चुना नुकता सुकला होता.

मी त्यांना परत पाठवले.

कायद्याने पाठवले — असे मी स्वतःला पुढे अनेक वर्षे सांगत राहिलो. लेखी पूर्वसूचना नाही, घरमालकाची संमती नाही, तेव्हा हा अनधिकार गृहप्रवेश ठरेल, असे मी ओट्यावर उभा राहून मोठ्याने म्हणालो. सगळी गल्ली ऐकत होती. अर्जनवीस आबा म्हणतात म्हणजे तसेच असणार. पुढच्या दारांनाही कड्या लागल्या. पथकासोबत आलेल्या बोरसेने रीतीप्रमाणे प्रत्येक दाराशेजारी गेरूने तारीख आणि शून्य लिहिले — एकही खोली फवारली नाही, असा त्याचा अर्थ. देवीसाठी पांढऱ्या केलेल्या भिंतीवर ते लाल शून्य मला सहन होईना. संध्याकाळी मी त्यावर चुना मारला. माझे पाहून गल्लीनेही मारला. तेव्हा त्यात डाव नव्हता. पुढे तो डाव झाला.

घरात माझा धाकटा भाऊ पंडित आणि त्याची पत्नी सिंधू आमच्यासोबत राहत. पंडित तेलाच्या कारखान्यात पाळीवर जाई. पथक आले त्या दिवशी तो घरी नव्हता. पोळ्याच्या सुमारास सिंधूला थंडी वाजून ताप भरला. बोरसे आला, रक्त घेतले, गोळ्या दिल्या. ताप उतरेना, ती बरळू लागली. जीप करून धुळ्याला नेईपर्यंत हिवताप मेंदूत गेला होता. तेथे ती वारली. तिच्या रक्ताचा निकाल तिच्या दहाव्यानंतर गावात आला.

पंडित माझ्यासमोर येऊन बसला.

"भाऊ, तुम्ही लिखा. माले काहीच सुचत नई. तिले कोनी मारं, ते लिखा."

मी लिहिले. निकाल उशिरा आला, हे लिहिले — ते खरे होते. गोळ्यांचा साठा वारंवार संपतो, हे लिहिले — तेही खरे होते. आणि या दोन सत्यांच्या मध्ये मी एक वाक्य बसवले: आमच्या गल्लीत यंदा फवारणीचे पथक फिरकलेच नाही.

चौकशीला तालुक्याहून डॉक्टरसाहेब आले. ओट्यावर खुर्ची टाकली होती. बोरसे खाली उभा होता, पंडित माझ्या शेजारी बसला होता. साहेबांनी मला विचारले, पथक आले होते काय? मी नाही म्हणालो.

"आबा, तुम्ही इथेच उभे होतात," बोरसे म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. जणू मला विसर पडला आहे आणि तो मला आठवण करून देतो आहे.

मी साहेबांना भिंत दाखवली. आले असते तर खूण नसती काय? भिंत पांढरी होती. गल्लीतल्या साऱ्या भिंती पांढऱ्या होत्या. शेजाऱ्यांना विचारले गेले; पथकातल्या हंगामी मजुरांना नाही. शेजाऱ्यांनीही दारे लावलेली होती, तेव्हा माझे 'नाही' त्यांनाही सोयीचे होते.

बोरसे निलंबित झाला. पुढे त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी कोठेतरी पाठवले, असे कानावर आले. प्रत्येक अर्जाची पोच मागणारा मी — त्याचे काय झाले, हे मी कधीही विचारले नाही. पुढच्या वर्षी पथक लेखी सूचना देऊन वेळेवर आले. निकालही लवकर येऊ लागले. लोक म्हणाले, हे आबांच्या अर्जामुळे. पंडितने पुन्हा लग्न केले नाही. आजही पाहुणा आला की तो सांगतो, माझ्या भावाने सिंधूला न्याय मिळवून दिला. आणि मी तेथेच बसून चहा पीत असतो. हे छापून आले तर तो वाचेल, हे मला ठाऊक आहे.

येथे थांबता आले असते. खोटी साक्ष दिली, एक निरपराध मनुष्य बुडवला — कबुली म्हणून एवढे भरपूर दिसते. पण अर्धे सत्य पूर्ण दिसेल असे कसे मांडावे, हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार? म्हणून उरलेलेही सांगतो. मी त्यांना कायद्यासाठी परत पाठवले नव्हते.

पथकात पंपावर झावरू होता — आमच्याच गावच्या वेशीबाहेरच्या वस्तीतला. हंगामापुरते त्याला हे काम मिळे. त्या वस्तीतल्या कोणाच्या हातचे पाणी आमच्या घरी चालत नसे. तो कानबाईच्या खोलीत जाणार, रोटाच्या पिठाजवळून जाणार — माझ्या मनात होते ते एवढेच. मी ते उच्चारले नाही. सणानंतर या, इतकेच म्हणालो. सणानंतर आम्ही दुसऱ्या गावात असू, बोरसे म्हणाला. तेव्हा झावरूने माझ्याकडे पाहिले, आणि त्याला सर्व समजले. त्याने औषधाची बादली ओट्याखाली ठेवली आणि रबरी नळीचे टोक माझ्यापुढे केले.

"आबा, मी आठेच भायेर पंप मारस. नळी लांब शे. मझार तुम्ही जा."

तो बाहेर राहणार होता. नळी आतल्या खोलीपर्यंत पुरत होती. त्याची सावलीही उंबऱ्यावर पडली नसती. मला फक्त हात पुढे करायचा होता.

मग राग कशाचा आला? मी झाकलेले त्याने चारचौघांत उघडे केले, याचा? की ते करताना त्याच्या आवाजात जराही राग नव्हता, याचा? कायदा मला त्यानंतर आठवला. संमती, पूर्वसूचना, गृहप्रवेश — सारे त्यानंतर.

उंबऱ्याच्या आत सिंधू पदर ओढून उभी होती. जेठापुढे, थोरल्या दिरापुढे, बोलण्याची आमच्याकडे रीत नाही. मी दार लावले आणि कडी घातली. सोमवारी कानबाई विसर्जनाला नदीवर गेली, भाऊबंद पांगले, आणि ती बसली होती त्या आतल्या खोलीत सिंधूचे अंथरूण पुन्हा घातले गेले.